कमी पडायला नको

विक्रोळी पूर्वेला राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं चार पानी पत्र आलं आहे. थोडक्यात असं: सासूबाई, त्या स्वतः, नवरा, दोन मुलं, ठाण्याचे धाकटे दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं, डोंबिवलीची नणंद, तिचा नवरा आणि मुलगी. एकूण बारा जणं. दर मे महिन्यात सगळे मिळून एक सहल करतात. गेल्या वर्षी वॉटर पार्कला गेले होते. परतल्यावर गाडीतून तीन काळ्या पिशव्या भरून कचरा निघाला आणि तो निवडायचं काम यांच्या वाट्याला आलं. कांजूरमार्गच्या डम्पिंगचा वास यांच्या घरात खिडकीतून येतो, त्यामुळे कचरा हा त्यांच्यासाठी पेपरात वाचायचा विषय नाही. यंदा खोपोलीजवळच्या थीम पार्कात दोन दिवस आणि एक रात्र ठरली आहे. त्यांनी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: ‘यंदा शून्य कचरा सहल. दोन्ही दिवसांचं जेवण मी स्टीलच्या डब्यांतून आणते.’ जावेनं हसण्याची इमोजी टाकली. दिरांनी लिहिलं, ‘वहिनी, क्लीन-अप मार्शल बनून येऊ नका.’ मूळच्या दुष्काळी माणदेशातल्या सासूबाई ‘काही कमी पडायला नको’ म्हणत चिवड्याच्या तयारीला लागल्या. नवरा म्हणाला, ‘दोन दिवस सोड ना.’ त्यांचा प्रश्न असा: यंदा जाऊच नये, की जाऊन तोंड बंद ठेवावं?

प्रिय मैत्रीण,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, कारण तुमच्यासारखी पदवी मलाही मिळालेली आहे. आमच्याकडे ‘मुकादम’ म्हणतात. दुसऱ्यांदा वाचताना मात्र तुम्ही दिलेल्या यादीवर अडकले. गेल्या वर्षीच्या तीन पिशव्यांत काय होतं ते तुम्ही एकेक करून लिहिलंय: उन्हानं आंबलेला दोन किलो पुलाव, अर्ध्या प्यालेल्या पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलच्या प्लेटींची न फोडलेली दोन पाकिटं, एकदाच घातलेले फाटके पातळ रेनकोट, बिस्किटांचे चुरा झालेले पुडे. आता ही यादी तुम्हीच पुन्हा वाचा आणि सांगा, यात वापरून टाकलेलं किती आणि ‘लागलं तर असू दे’ म्हणून घेतलेलं किती?

मला यात बेफिकिरी फारशी दिसत नाही. भीती दिसते. बारा माणसं घेऊन निघालोय, कुणाला तहान लागली, कुणाला भूक लागली, कुणाचा सदरा भिजला आणि आपल्याकडे नसलं तर? आपल्या घरांत ही भीती फार खोल आहे. आग्रह केला नाही तर पंगत झालीच नाही असं मानणारे आपण. शिवाय तुमच्या सासूबाई माणदेशातल्या. बहात्तरच्या दुष्काळात ज्या मुलांनी सुकडी आणि मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाऊन दिवस काढले, त्यांच्यातल्या त्या असणार. त्या बाईंना ‘आई, चिवडा कमी करा’ म्हणणं म्हणजे काय म्हणणं आहे, याचा एकदा विचार करा. तुम्ही कचऱ्याबद्दल बोलता, त्यांना ऐकू येतं उपाशी राहण्याबद्दल.

म्हणून कचरा हा शब्दच या सहलीपुरता बाजूला ठेवा. हिशेब हा शब्द घ्या. ‘आई, बारा जणांना एका वेळेला किती लागेल ते तुम्ही सांगा, मी मोजून भरते’ असं म्हणून बघा. ज्या बाईनं आयुष्यभर मापट्यानं घर चालवलं तिला मोजायला आवडतं. तिला आवडत नाही ते कुणी येऊन आपलं माप चुकलं असं सांगणं.

आता जावेची इमोजी. तुम्ही ती चेष्टा म्हणून घेतली. मला तसं खात्रीनं वाटत नाही. तुमचा मेसेज त्यांच्या जागी बसून वाचा. दोन दिवसांचं जेवण स्टीलच्या डब्यांत. बारा ताटल्या, बारा पेले, चमचे. हे घासणार कोण, आणि कुठे? रिसॉर्टच्या खोलीतल्या बेसिनमध्ये, रात्री साडेदहाला, तुम्ही आणि त्या. दीर नाहीत, नणंदेचे यजमानही नाहीत. नोकरी करणाऱ्या बाईला वर्षातून मिळणारे दोन दिवस, आणि तुम्ही लिहिताय शून्य कचरा. त्यांनी वाचलं शून्य आराम. थर्माकोलच्या प्लेटीला घराघरांत इतकी वर्षं आसरा मिळाला तो बायकांच्या कंबरदुखीमुळे, हे आपण मान्य करायला हवं.

तेव्हा तुमच्यासाठी मी एकच कसोटी सुचवते. ज्या गोष्टीनं कचराही कमी होतो आणि कुणाचं तरी कामही कमी होतं, ती करा. ज्यानं कचरा कमी होतो पण जावेचं काम वाढतं, ती यंदा सोडून द्या. निदान तिला विचारल्याशिवाय करू नका.

या कसोटीवर तुमचा स्टीलच्या डब्यांचा बेत पहिल्या फटक्यात नापास होतो, आणि फक्त भांड्यांमुळे नाही. बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही असेच गेलो होतो, कुठे ते सांगत नाही. माझ्या पिशवीत केळीच्या पानात गुंडाळलेली सोळा थालीपिठं, वर लोण्याची डबी. फाटकावर बॅगा तपासायला एक मुलगी होती, तेवीस-चोवीसची असेल. तिनं पान उघडलं, वास घेतला, आणि खरंच वाईट वाटलेल्या चेहऱ्यानं म्हणाली, ‘मॅडम, एकतर इथे बसून खा, नाहीतर ड्रममध्ये.’ सकाळचे साडेदहा. सगळ्यांचा नाश्ता झालेला, मुलं आत पळायला टपलेली. आम्ही मोठ्यांनी उभ्या उभ्या पाच संपवली. एक तिला देऊ केलं, तिनं कॅमेऱ्याकडे बघून नको म्हटलं. उरलेली अकरा त्या निळ्या ड्रममध्ये गेली. ड्रममध्ये वाकून बघितलं तर आमच्या आधी आलेल्यांच्या पुऱ्या, इडल्या, फोडणीचा भात. घरच्या जेवणाचा एवढा मोठा ढीग मी कुठल्या लग्नातही पाहिलेला नाही. बाई, घरचा डबा हा आपोआप पुण्यवान नसतो. तो कुठे उघडणार आहे त्यावर सगळं अवलंबून.

तर निघायच्या आठवडाभर आधी पार्काला फोन करा. चारच प्रश्न विचारा. रिकामी स्टीलची बाटली आत चालते का? पिण्याच्या पाण्याचे नळ किंवा कूलर कुठे आहेत? लहान मुलांचं आणि पथ्याच्या माणसाचं खाणं चालतं का? (सासूबाईंना साखरेचा त्रास आहे असं तुम्ही लिहिलंय, हे त्यांच्यासाठी.) आणि सामान ठेवायला लॉकर आहे का? उत्तर मेसेजवर किंवा ईमेलवर मागून घ्या, फाटकावर दाखवायला उपयोगी पडतं. जाता जाता: सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये सिनेमागृहांबद्दल निकाल दिला, त्यात बाहेरचं खाणं अडवायचा मालकाचा हक्क मान्य केला, पण प्यायचं स्वच्छ पाणी फुकट द्यायला हवं हेही नोंदवलं. तो निकाल सिनेमागृहांचा आहे, पार्कांचा नाही. तरी पाणी कुठे मिळेल हे विचारायला लाजायचं कारण नाही.

डबा न्या, पण एका वेळचा. सकाळी गाडीत खायचा. त्यातही ताटली लागणारच नाही असा पदार्थ निवडा. धपाटं, वर कोरडी शेंगदाण्याची चटणी, गुंडाळी करून हातात. जुन्या धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधलं की झालं, घासायला काही उरत नाही. माणशी दोन आणि वर चार, म्हणजे अठ्ठावीस. हा आकडा सासूबाईंकडून घ्या. त्या बत्तीस म्हणतील, बत्तीस करा. चार धपाट्यांवरून महाभारत नको. गाडीच्या ड्रायव्हरला पण लागतातच.

प्लेटी हव्यातच असा दिरांचा हट्ट असेल तर त्यांना शांतपणे सांगा की थर्माकोलच्या प्लेटी आणि प्लास्टिकचे पेले यांवर महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्येच बंदी आली, आणि जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या स्ट्रॉ, चमचे, ग्लास यांवर देशभर. हा वहिनींचा हट्ट नाही, कायदा आहे. पत्रावळी घ्यायच्या तर बघून घ्या. हल्ली बऱ्याच पत्रावळी आणि द्रोण आतून चकचकीत असतात. दुकानातच एक कोपरा नखानं खरवडा. पारदर्शक पापुद्रा सुटला तर ते पान नव्हे, पानाचा मुखवटा घातलेलं प्लास्टिक आहे.

पाण्याचा हिशेब सगळ्यात सोपा, आणि दिरांना पटेल तोही हाच. मे महिन्यात माणशी अडीच लिटर धरा. बारा जणांचे तीस लिटर. २०० मिलीच्या बाटल्यांत मांडलं तर एका दिवसाला दीडशे बाटल्या. त्यातल्या कित्येक दोन घोट घेऊन ‘ही कुणाची?’ म्हणत सीटखाली जातात, कारण सगळ्या सारख्या दिसतात. त्याऐवजी गाडीत वीस लिटरचा एक जार, वर दाबायचा हातपंप. कोपऱ्यावरच्या पाणीवाल्याकडे अनामत ठेवून मिळतो, परतल्यावर अनामत परत. बारा जणांच्या बारा बाटल्या घरात असतातच. गळ्याला वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधा. बाटल्यांचे खोके चढवा-उतरवायचं कामही गेलं. पार्काच्या आत मात्र कूलर सापडला नाही आणि विकत घ्यावी लागली तर घ्या. उन्हात पोराला तहानलेलं ठेवून पर्यावरण वाचत नाही. लिटरची मोठी घ्या आणि तीच दिवसभर भरत राहा.

मला विचाराल तर तुम्ही बाटल्यांवर जरा जास्तच रागावलेल्या आहात. रिकामी बाटली निदान कचरावेचकाला हवी असते, भंगारात तिला भाव आहे. चिप्सच्या पाकिटाला कुणी हात लावत नाही. त्यात प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे करणं कुणाला परवडत नाही. शेवटी ते कांजूरमार्गला जातं, म्हणजे वास पुन्हा तुमच्याच खिडकीत. तेव्हा दहा रुपयांची चोवीस पाकिटं घेण्यापेक्षा घरचा चिवडा घट्ट झाकणाच्या दोन डब्यांत, गाडीसाठी. बघा, सासूबाईंचा चिवडा इथे कामाला आला. त्यांना थांबवू नका, गाडीसाठीच करायला सांगा.

जेवणाबद्दल दोन गोष्टी. बफेची बारा कुपनं घाऊक काढू नका. ज्येष्ठ माणूस आणि सहा वर्षांचं पोर बफेत बऱ्याचदा पैसे भरतं मोठ्या माणसाचे आणि खातं पोळीचा अर्धा तुकडा. मग ‘वसूल करायचं’ म्हणून ताट भरलं जातं. नूडल्स, पनीर, दोन गुलाबजाम, वर आइस्क्रीम, सगळं एकमेकांत. तसली पन्नास ताटं एका बाईला एकावर एक निपटताना मी बघत बसले होते. तिचा हात थांबत नव्हता, चेहऱ्यावर काही नव्हतं. सुटे पदार्थ मिळत असतील तर सात-आठ जणांपुरते मागवा, मध्ये ठेवा, लागलं तर पुन्हा मागवा. बफेच घ्यावा लागला तर मुलांना पहिल्या फेरीत दोनच पदार्थ. दुसरी फेरी हवी तेवढी.

टी-शर्टांचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीये, पण तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख तीनदा आहे. ‘गँग’ असं छापलेले बारा टी-शर्ट, त्यातले आज किती घातले जातात? मात्र ते मुळात का आले ते बघा: गर्दीत पोरं चटकन ओळखू यावीत म्हणून, आणि फोटोत सगळे एक दिसावेत म्हणून. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. ‘सगळ्यांनी पिवळं घाला’ एवढा मेसेज पुरतो. पिवळं नसलेल्या मुंबईकराचं कपाट मी पाहिलेलं नाही, हळदीला शिवलेलं काहीतरी असतंच. मुलांच्या मनगटावर बॉलपेननं आईचा फोन नंबर. वॉटर पार्कात गेलात तर तिथे सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे लागतात, आणि विसरलेली माणसं तिथल्याच दुकानातून घेतात. ते कपडे दुसऱ्यांदा कुणी घालत नाही. आपल्या सोसायटीत एक मेसेज टाका, प्रत्येक मजल्यावर असा एक जोड पडलेला असतो. मोज्यांचंही तेच. मुंबईतल्या ट्रॅम्पोलिन पार्कांत रबरी ठिपक्यांचे मोजे लागतात, बरोबर नसले की तिथेच विकत घ्यायचे. आमच्या घरी नऊ जोड जमलेत, आणि दहाव्यांदा गेलो तेव्हा तेही घरीच विसरले. मुकादम असूनसुद्धा.

पोरांच्या खरेदीत पडू नका. प्रत्येकाला ठरावीक रक्कम हातात द्या आणि त्या पैशांचं काय करायचं यावर एक शब्द बोलू नका. दिव्याची टोपी घेतली तर घेतली. आई-बाबांच्या पाकिटातून आलं की चार वस्तू होतात, स्वतःच्या नोटेतून द्यायचं म्हटलं की एकच, तीही अर्धा तास घासाघीस करून. फक्त त्यातली बॅटरी संपली की ती सुक्या कचऱ्यात टाकू नका, वेगळी ठेवा.

आता तुमचा मूळ प्रश्न. जाऊ नये का? तुम्ही गेला नाहीत तर अकरा जणं जातील, पाण्याचे खोके वाढतील आणि तीन पिशव्या निवडायला कुणी नसेल. शिवाय मुलांच्या आठवणीत राहील ते ‘आई आली नव्हती’. तोंड बंद ठेवावं का? पार्कात, हो. तिथे पोचल्यावर बोलून काही होत नाही, कचरा आदल्या आठवड्यातच ठरलेला असतो, ग्रुपवरच्या याद्यांत आणि रात्रीच्या पॅकिंगमध्ये. तुमची जी काही सत्ता आहे ती तिथे आहे. आत गेल्यावर कुणी अर्धा पेला टाकून दिला तर बघू नका. पाळण्यात बसा.

राग धरायचाच असेल तर जरा मोठ्या माणसांवर धरा. घनकचऱ्याच्या नियमांनुसार दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या जागांवर वर्गीकरणाची आणि ओला कचरा शक्यतो जागेवरच जिरवण्याची जबाबदारी आहे. सुट्टीच्या दिवसांतला थीम पार्क यात सहज मोडेल. बाहेर पडताना अभिप्रायाची वही किंवा फोनवर फॉर्म येतो, त्यात आपण राइडला किती तारे द्यायचे एवढंच बघतो. तिथे लिहा: पाण्याचा कूलर दिसला नाही, ओल्या-सुक्याचे डबे वेगळे नव्हते, अर्धी थाळी मिळायला हवी. दिरांनाही लिहायला लावा, त्यांना तक्रार करायला आवडत असेल असा माझा अंदाज आहे.

एक आठवण सांगते आणि पुरे करते. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, त्यानंतर दोन-तीन वर्षांत आम्ही पहिल्यांदा गेलो. खाडी बोटीनं ओलांडायची. पलीकडे पाळणे, आणि अलीकडच्या काठावर, बोरिवलीच्या बाजूला, गोराईचं डम्पिंग, जे नंतर २००७ मध्ये बंद झालं. बोटीत वारा फिरला की सगळे नाकाला रुमाल लावायचे आणि पुन्हा पाळण्यांकडे तोंड करून बसायचे. मीही. तुम्ही तोंड फिरवत नाही म्हणून हे पत्र लिहिलंत, ते मला कळलं. पण बारा जणांना एकाच वेळी मागे वळून बघायला लावाल तर बोट हलेल.

आजच्या आज एक करा. जावेला फोन लावा, मेसेज नको. पहिलं वाक्य: ‘डबे घासायचे नाहीत, मी तो बेत सोडला.’ दुसरं: ‘पाण्याचे खोके उचलायचे नसतील तर जार चालेल का?’ त्यांना तुमच्या बाजूला आणायला एवढं बहुधा पुरेल. नाही पुरलं तर पुढच्या वर्षी बघू.

आणि घरातली झाकणाची बादली बरोबर घ्या. बारा जणांचे ओले कपडे बारा प्लास्टिकच्या पिशव्यांत घालण्याऐवजी तिच्यात जातात, येताना पोराला गाडी लागली तरी तीच उपयोगी पडते. बादली आणि जार गाडीत कुठे ठेवायचा ते मात्र दिरांना ठरवू द्या. गाडी त्यांनी ठरवली आहे.